वाचकांचे प्रश्न : चारित्र्यशिक्षणाचा अभ्यास, नोकरी सांभाळून आणि दुरून

मागील एका अंकात चारित्र्यशिक्षण या विषयातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची थोडक्यात ओळख करून दिली होती. अशी पदवी मी स्वतः शाळेत शिकवत असताना, दूरस्थ पद्धतीने, तीन वर्षांत पूर्ण केली, असा उल्लेख त्यात होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत १६ वर्षे भाषा शिकवते. चारित्र्यशिक्षणाची पदवी घ्यावी असे मनात आहे. परंतु घरी आणि शिक्षकांच्या खोलीत मला एकच गोष्ट ऐकवली जाते की, वळण घरातून लागते, त्यात पदवी घेऊन शिकण्यासारखे काय आहे? मला याचे उत्तर देता येत नाही. या पदवीत नेमके काय शिकवतात?

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. किंबहुना या विषयाचा अभ्यास त्यांच्याच म्हणण्यापासून सुरू होतो. अक्षराला वळण असते असे आपण म्हणतो आणि मुलाला वळण लावतो असेही म्हणतो. हा एकच शब्द दोन्हीकडे वापरण्यामागे जी समज आहे, ती प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने ‘निकोमाकियन एथिक्स’ या नीतीविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सविस्तर मांडली आहे. घरे बांधता बांधता माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवता वाजवता वादक होतो, आणि न्यायाने वागता वागता न्यायी होतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. मात्र तो तेथे थांबत नाही. जो मुळात न्यायी नाही तो न्यायाने वागेल कसा, हा आक्षेप तो स्वतःच उपस्थित करतो आणि त्याचे उत्तरही देतो : कृत्य बाहेरून कितीही चांगले दिसले, तरी आपण काय करत आहोत हे कर्त्याला कळत असले पाहिजे, ते त्याने त्या कृत्याच्या चांगुलपणासाठीच निवडलेले असले पाहिजे, आणि ते त्याच्या स्थिर वृत्तीतून आलेले असले पाहिजे.

हे वाचल्यानंतर स्वतःच्या वर्गाकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. रांगेत शांत उभ्या असलेल्या मुलांपैकी काहींना शिक्षेचे भय असते, काहींना शाबासकी हवी असते, काही केवळ इतर उभे आहेत म्हणून उभे असतात, आणि एखाद्याच्या मनात शेजारच्या वर्गात परीक्षा चालू आहे ही जाणीव असते. चौघांची रांग सारखीच सरळ असते. वळण कोणाला लागले आणि धाक कोणाला बसला, हे ओळखण्यासाठी जे प्रश्न विचारावे लागतात, ते शिकणे हा या अभ्यासाचा गाभा आहे, असे मी मानते.

अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी सांगायचे तर, ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१२ साली चारित्र्य आणि सद्गुण यांच्या अभ्यासासाठी ज्युबिली सेंटर स्थापन झाले आणि त्याच्याशी जोडलेली चारित्र्यशिक्षणातील एम. ए. पदवी अर्धवेळ, दूरस्थ पद्धतीने तीन वर्षांत घेता येते. अशा अभ्यासक्रमात साधारणपणे तीन प्रवाह एकत्र येतात. पहिला तत्त्वज्ञानाचा, त्याविषयी वर लिहिलेच आहे. दुसरा मानसशास्त्राचा, त्यात लॉरेन्स कोहलबर्ग यांनी मांडलेल्या नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या येतात, तो विचार न्यायाच्या तत्त्वालाच सर्वस्व मानतो आणि नातेसंबंधांतील काळजीला कमी लेखतो हा कॅरल गिलिगन यांचा १९८२ मधील आक्षेप येतो, तसेच योग्य काय हे कळणे आणि तसे वागणे यांत अंतर का पडते हा जुना, अजूनही न सुटलेला प्रश्न येतो. तिसरा प्रवाह शाळेतील प्रत्यक्ष कामाचा असतो.

या तिन्ही प्रवाहांना जोडणारी एक संकल्पना आहे आणि तिच्यासाठी ग्रीकमध्ये ‘फ्रोनेसिस’ असा शब्द आहे. ‘व्यावहारिक शहाणपण’ असे त्याचे भाषांतर केले जाते. मला मात्र आपला ‘तारतम्य’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. ज्युबिली सेंटरच्या मांडणीत सद्गुणांचे बौद्धिक, नैतिक, नागरी आणि कार्यसिद्धीला उपयोगी पडणारे असे चार प्रकार केले आहेत. चिकाटी आणि आत्मविश्वास यांसारखे गुण शेवटच्या प्रकारात येतात. या चौघांना लगाम घालणारी शक्ती म्हणजे हे तारतम्य. चिकाटी चोरालाही असू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची गरज कळते. जिवलग मैत्रिणीने उत्तरपत्रिकेत नक्कल केली हे ठाऊक असलेल्या मुलीने काय करावे, या प्रश्नात सचोटी एका बाजूला ओढते आणि निष्ठा दुसऱ्या बाजूला. भिंतीवर सद्गुणांची यादी लावून तो सुटत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. ही पदवी घेतल्याने शिक्षक अधिक चांगला माणूस होतो, असे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. आपण रोज जे नकळत करत असतो, ते दिसू लागणे आणि त्याविषयी सहकाऱ्यांशी नेमक्या शब्दांत बोलता येणे, एवढे या अभ्यासातून मिळते. माझ्या मते शिक्षकासाठी ते पुष्कळ आहे.

प्रश्न : मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करतो. चारित्र्य संगतीतून घडते असे हा विषयच सांगतो. मग पडद्यासमोर एकट्याने बसून, सहाध्यायींना कधीही प्रत्यक्ष न भेटता, हा विषय शिकणे विसंगत नाही का?

विसंगती आहे, आणि ती अभ्यासक्रम चालवणाऱ्यांनी नाकारू नये. ‘निकोमाकियन एथिक्स’च्या दहा भागांपैकी दोन संपूर्ण भाग मैत्रीला दिलेले आहेत. चांगल्या माणसांच्या सहवासाशिवाय चांगुलपण टिकत नाही असे मानणारा हा विचार, रात्री सगळे झोपल्यावर कानाला हेडफोन लावून ऐकलेल्या व्याख्यानातून आत्मसात करताना काहीतरी निश्चितच हरवते. व्याख्यान संपल्यावर जिन्यात होणारी चर्चा हरवते. न पटलेल्या मुद्द्यावर प्राध्यापकांचा चेहरा कसा बदलतो, हे पाहता येत नाही. पहिल्या वर्षी मला याची फार उणीव जाणवली.

तरीही दुसरी बाजू मला अधिक वजनदार वाटते. ॲरिस्टॉटल पहिल्याच भागात म्हणतो की, या विषयाचा श्रोता म्हणून तरुण माणूस योग्य नाही, कारण ज्या अनुभवांवरून ही चर्चा चालते, ते अनुभवच त्याच्याकडे नसतात. आणि पुढे तो हेही जोडतो की, अननुभव वयाचाच असतो असे नाही, स्वभावाचाही असतो. पूर्ण वेळ विद्यार्थी होण्यासाठी तुम्ही शाळा सोडली असती, तर नेमका हा अनुभवाचा पुरवठा बंद झाला असता. अर्धवेळ शिकणाऱ्याच्या बाबतीत शनिवारी वाचलेल्या विचाराची परीक्षा सोमवारी सकाळी पहिल्या तासाला होते. माझ्यापुरते बोलायचे तर, मी चुकलेल्या मुलाला वर्गासमोर उभे करून ‘तुला लाज वाटत नाही का?’ असे सहज विचारत असे. लाजेविषयीचे एक प्रकरण वाचत असताना माझ्या लक्षात आले की, हा प्रश्न मी त्या मुलासाठी नव्हे, तर उरलेल्या वर्गासाठी विचारत होते. आठवड्याभरात मी ती सवय मोडायला घेतली. ती पूर्ण मोडायला वर्ष लागले. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून मला हे कळले असते, असे वाटत नाही.

संगतीचा प्रश्न मात्र स्वतःहून सुटत नाही, तो सोडवावा लागतो. शाळेतील एक सहकारी निवडा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास त्याच्यासमोर, वाचलेले आपल्या शब्दांत मांडा. त्याला ते पटले नाही तर फारच उत्तम. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला तीन गोष्टी विचारा : सामूहिक चर्चेची सत्रे प्रत्यक्ष वेळेत होतात की केवळ ध्वनिमुद्रिते मिळतात, ती सत्रे तुमच्या घड्याळानुसार किती वाजता येतात, आणि लेखी स्वाध्यायावर शेरे कोण लिहिते. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दूरस्थ विद्यार्थ्याचे आपल्या शिक्षकाशी असलेले नाते बहुतांशी त्या शेऱ्यांतूनच घडते, आणि कोणीतरी आपले लिखाण काळजीपूर्वक वाचले आहे ही जाणीव देणारे दोन परिच्छेद दहा व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जातात. दूर देशातील सहाध्यायींचाही असा लाभ होतो, जो एका गावातील वर्गात मिळाला नसता. सद्गुणांच्या यादीत ‘आज्ञाधारकपणा’ असावा का, या एका प्रश्नावर आमच्या गटात तीन आठवडे चर्चा चालली. आणि ज्या सहाध्यायींना तो गुण वाटतच नव्हता, त्यांच्यामुळे मला तो का वाटत होता, याचा मी प्रथमच विचार केला.

प्रश्न : दोन लहान मुले, पूर्ण वेळ नोकरी, आणि वय ४१. आठवड्याला किती तास लागतील?

ब्रिटिश पद्धतीत पदव्युत्तर पदवी १८० श्रेयांकांची असते आणि एका श्रेयांकासाठी वाचन, लेखन, व्याख्याने असे सर्व मिळून साधारण १० तास धरले जातात. म्हणजे एकूण १,८०० तास; तीन वर्षांत वर्षाला ६०० तास. वर्षातले ४० आठवडे अभ्यासाचे धरले तर आठवड्याला १५ तास होतात. रोज थोडे थोडे वाचता येईल, असे सुरुवातीला सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तत्त्वज्ञानाचा मजकूर २० मिनिटांच्या तुकड्यांत वाचता येत नाही, कारण युक्तिवाद हाती येण्याआधीच वेळ संपतो. म्हणून त्या १५ तासांपैकी वाचनासाठी आठवड्यातून तीन तासांच्या दोन-तीन बैठका ठरवून घ्या आणि त्या वेळा घरच्यांशी बोलून पक्क्या करा. अनेक विद्यापीठांत ६० श्रेयांकांनंतर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि १२० श्रेयांकांनंतर पदविका घेऊन सन्मानाने थांबता येते. ही सोय आहे का, ते आधीच विचारून ठेवा. पदवीला तुमच्या नोकरीत मान्यता आहे का, हे मात्र शुल्क भरण्यापूर्वी, तुमच्या संस्थेकडून, लेखी स्वरूपात घ्या.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्या संस्थेची इच्छा अशी की, प्रगतिपुस्तकात चारित्र्यासाठी गुण किंवा श्रेणी असावी. माझ्या एका शिक्षिकेला या पदवीसाठी पाठवल्यास तिला मोजमापाची पद्धत शिकून येता येईल का?

तुमच्या शिक्षिका या पदवीतून चारित्र्याला गुण देण्याची पद्धत घेऊन येणार नाहीत. असे गुण का देऊ नयेत, याची भक्कम कारणे मात्र घेऊन येतील. ही कारणे थोडी विस्ताराने लिहिते आहे, ती केवळ तुमची निराशा होऊ नये म्हणून नव्हे. हा भागच या विषयातला सर्वांत उद्बोधक भाग आहे.

अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात सुमारे ११,००० शालेय मुलांचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झाले. मुलांना परीक्षेत, खेळात आणि घरी करायच्या कामात लबाडी करण्याची संधी मिळेल, आणि ती केल्यास संशोधकांना कळेल, अशा परिस्थिती त्यांनी निर्माण केल्या. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगी प्रामाणिक राहीलच असे दिसले नाही. प्रामाणिकपणाचे नियम तोंडपाठ असण्याचा आणि तसे वागण्याचा संबंधही फार क्षीण निघाला. पुढे याच आकड्यांची फेरतपासणी झाली आणि निरनिराळ्या प्रसंगांतून जाणारा एक पुसटसा समान धागा त्यांत दिसला, त्यामुळे ‘चारित्र्य असे काही नसतेच’ हा टोकाचा निष्कर्ष टिकला नाही. परंतु एका मुलाच्या नावापुढे ‘प्रामाणिकपणा : ब’ असे लिहिण्याइतका तो धागा जाड नव्हता.

प्रश्नावलीने हे काम होईल असे वाटत असेल, तर तिचीही मर्यादा पाहा. ‘मी नेहमी खरे बोलतो’ या वाक्यापुढे खूण करणारा अप्रामाणिक मुलगा आणि स्वतःविषयी कठोर असल्यामुळे खूण न करणारी प्रामाणिक मुलगी, यांत पहिल्याला अधिक गुण मिळतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, गुण मिळू लागले की मुले गुणांसाठी वागू लागतात. आणि चांगले कृत्य त्याच्या चांगुलपणासाठी निवडले जावे, ही जी मूळ अट आहे, तीच प्रगतिपुस्तकामुळे मोडते. आपण मोजायला निघालो ती वस्तू मोजण्याच्या कृतीनेच बिघडावी, अशी उदाहरणे शिक्षणात इतरत्रही आहेत, पण इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

याचा अर्थ शाळेने काहीच तपासू नये असा होत नाही. मोजायचे असेल तर मुलाला नव्हे, शाळेला मोजा. नवे मूल आल्यावर त्याच्याशी पहिल्या आठवड्यात कोण बोलते? चूक कबूल करणाऱ्याला चूक लपवणाऱ्यापेक्षा सौम्य वागणूक मिळते का? शिक्षक आपली चूक वर्गात मान्य करतात का? यांची उत्तरे मिळवता येतात आणि त्यांवरून काही बदलताही येते. कार्यक्रम विकत घेऊन ते बदलेल या आशेवर मात्र राहू नका : अमेरिकेत चारित्र्य घडवू पाहणाऱ्या सात निरनिराळ्या शालेय कार्यक्रमांची ८४ प्राथमिक शाळांत कसोशीने चाचणी घेण्यात आली आणि २०१० मध्ये तिचा अहवाल आला, तेव्हा सरासरीने पाहता मुलांच्या वागणुकीत किंवा अभ्यासात सुधारणा आढळली नाही. मी हा अहवाल विद्यार्थी म्हणून वाचला तेव्हा खचले होते. आज तो मला उपकारक वाटतो, कारण तयार धड्यांची पेटी शाळेत आणून ठेवणे आणि शाळेचे वागणे बदलणे यांत किती अंतर आहे, हे त्याने दाखवून दिले.

प्रश्न : सद्गुण कोणाचे? शाळेने ठरवलेले सद्गुण मुलांच्या गळी उतरवणे म्हणजेच चारित्र्यशिक्षण, अशी मला एक पालक म्हणून भीती वाटते. पदवीच्या अभ्यासात या शंकेला जागा असते का?

असते, आणि जेथे नसेल तो अभ्यासक्रम निवडू नये. तुमच्या शंकेत दोन शंका आहेत. पहिली लादण्याची. तिचे उत्तर असे की, सद्गुण न शिकवणारी शाळा अस्तित्वातच नसते. वेळेवर न आलेल्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात, यातूनच काहीतरी शिकवले जाते. प्रश्न उरतो तो हे उघडपणे, मुलांना प्रश्न विचारू देऊन करायचे की गुपचूप करायचे, एवढाच. दुसरी शंका तुम्ही शब्दांत मांडलेली नाही, पण ती मला अधिक बोचते : गरिबीत वाढणाऱ्या, घरी अभ्यासाला कोपराही नसलेल्या मुलाला ‘चिकाटी ठेव’ असे शिकवताना आपण परिस्थितीचा दोष त्याच्या स्वभावावर टाकत असतो. चिकाटीचे कौतुक करणाऱ्या लिखाणावर हा आक्षेप सातत्याने घेतला गेला आहे आणि तो रास्त आहे. म्हणूनच सद्गुणांमध्ये नागरी सद्गुणांचा समावेश मला अत्यावश्यक वाटतो. आपल्यावरील अन्याय सहन करण्याचे बळ जितके शिकवायचे, तितकेच तो अन्याय आहे हे ओळखण्याचे आणि त्याविरुद्ध इतरांसह बोलण्याचे धैर्यही शिकवले गेले पाहिजे.

प्रश्न : शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा आहे. माझ्याच वर्गातील मुलांच्या मुलाखती घेऊन ‘कृतज्ञता’ या विषयावर लिहावे असे ठरवले आहे. काय काळजी घ्यावी?

विषय सुंदर आहे, पण तुमचा वर्ग हीच त्यातील अडचण आहे. ज्या शिक्षिकेच्या हाती आपले गुण आहेत, तिने ‘तुला कोणाविषयी कृतज्ञता वाटते?’ असे विचारल्यावर मूल काय उत्तर देईल, याचा विचार करा. पालकांची लेखी संमती घ्यावीच लागेल. परंतु पालकांनी होकार दिला तरी मुलाला नकार देता आला पाहिजे, आणि तो नकार तुमच्यापर्यंत न पोहोचता देता आला पाहिजे. यासाठी शक्य असल्यास दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गातील मुले घ्या, किंवा मुलाखती सहकाऱ्याकडून घेऊन तुमच्या हाती नावे काढलेला मजकूरच येईल अशी व्यवस्था करा. विद्यापीठाच्या नैतिक परवानगी समितीकडून मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत घेऊ नका. अर्जावर शंका येतात, दुरुस्त्या कराव्या लागतात आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्या आणि परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून अर्ज शक्य तितक्या लवकर पाठवा.

प्रश्नही बदलून पाहा. ‘कृतज्ञता म्हणजे काय?’ असे विचारले की मुले पुस्तकातील वाक्य म्हणून दाखवतात. त्याऐवजी एक छोटा प्रसंग द्या : एका मुलाने मित्राला अभ्यासात मदत केली आणि नंतर त्याच मदतीची आठवण करून देत त्याच्याकडून काम करून घेतले, आता मित्राने आभारी राहावे का? उपकार आणि ओझे यांतील सीमारेषा मुले कोठे ओढतात, हे या उत्तरांतून दिसू लागेल, आणि तुमच्या प्रबंधाचे पहिले प्रकरण बहुधा तेथूनच सुरू होईल.